हिच्या पाठीचा बंदोबस्त

माझ्या बायकोची पाठ तिच्या अंगाला असली, तरी ती सांभाळायची अक्कल फक्त मला आहे, असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. सुमती विहिरीच्या पायरीवरून घसरली, मुंबईला नेऊन मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं, आणि दोन वर्षांनी तिला दिवस गेले. मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बाळंतपण घरी नको. पंधरा दिवस आधी इथे येऊन राहा. झोपायला कडक फळी घ्या, आणि गचके टाळा." बस्स, एवढंच! पण मी पडलो शाळामास्तर. तीन वाक्यं ऐकून तीस पानं लिहायची सवय! शिवाय खरं सांगतो, मी घाबरलो होतो. ऑपरेशननंतर महिनाभर तिला उताणी पडलेली पाहिली होती. ते पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

आमच्या गावाहून मालवण दीड कोस. एस.टी.त धडधाकट माणसाचे दात हलत. (आमच्या हेडमास्तरांची कवळी एकदा पुढच्या बाईच्या अंबाड्यात सापडली होती!) बैलगाडी त्याहून वाईट. मग मला सुचलं, घराचं पुढचं दारच काढायचं, त्यावर सुमतीला निजवायची आणि चौघांनी खांद्यावरून न्यायची. फळी कडक, गचका शून्य!

"अवो, माका चलाक येता," सुमती म्हणाली.

"तू गप निज. हलू नको."

"खूळ लागला काय तुमका?"

मी ऐकतोय कुठला! ऊन लागू नये म्हणून तिच्यावर डोक्यापर्यंत पांढरी चादर घातली. पाय घसरू नयेत म्हणून पायांशी सुंभ बांधलं. "वाटेर तिका भूक लागतली," म्हणत आईने माझ्या हातात गरम पेजेचं मडकं दिलं, तेही दोरीच्या शिंक्यात. निघताना माझी वहाण तुटली, म्हणून मी अनवाणी. पुढे मी, हातात वाफाळतं मडकं. मागे शेजारचा बाबल आणि त्याचे तिघे भाऊ खांद्यावर दार घेऊन.

वाटेत लोकांनी दाखवलेला आदर पाहून मी भारावलो. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. वाण्याने दुकानाच्या फळ्या लावल्या. दहा-बारा माणसं मुकाट्याने मागून चालू लागली. मास्तरकीला एवढा मान! मी दोघातिघांचे नमस्कारही स्वीकारले.

मालवणात शिरताना सुमतीच्या मावशीचं घर लागतं. मावशी अंगणातच होती. तिने मला पाहिलं, मडकं पाहिलं, चादर पाहिली.

"गो माझ्या बाये! भरल्या पोटान गेलंस गो!" तिने ऊर बडवायला सुरुवात केली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! मी तोंड उघडणार, एवढ्यात चादर हलली आणि सुमती उठून बसली.

"मावशे, रडतंस कित्याक? मी मरूक नाय!"

मागून आलेली दहा-बारा मंडळी क्षणात गायब. (दोघं माडावर चढले, असं नंतर कळलं.) माझ्या हातचं मडकं पडून फुटलं, म्हणजे तोही विधी राहिला नाही! आणि मावशी अंगणात आडवी झाली.

सुमतीने दार खाली ठेवायला लावलं, सुंभ सोडलं आणि उभी राहिली. "बाबल, मावशेक घाला ह्या दारार. बेगीन!"

"आणि तू?" मी ओरडलो.

"माका पाय आसत."

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी साठीच्या मावशीकडे बघून विचारलं, "मास्तर, बाळंत व्हायचंय ते यांना?"

मावशी कपभर चहावर ठणठणीत झाली. सुमतीची पाठ तपासून बाई म्हणाल्या, "चालत आलात ते उत्तम केलंत. रोज चालायला मी सांगितलंच होतं."

"गचक्याफुडला ह्यांनी आयकाकच नाय," सुमती म्हणाली.

बाराव्या दिवशी मुलगी झाली. सुमतीच्या पाठीने हूं की चूं केलं नाही. मी दवाखान्याच्या ओसरीवर सगळ्यांदेखत रडलो.

दुसऱ्या खेपेला मी महिनाभर आधीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. एक दिवस शाळेतून येतो, तर सुमती घरात नाही.

"सकाळच्या एस्टीन मालवणात गेली," आई म्हणाली. "आताच सांगावो इलो, झील झालो. तुका कळवूक नको म्हणान सांगान गेली."

मुलगा झाला होता आणि बाळंतपण निर्विघ्न पार पडलं होतं. विघ्न त्या वेळी शाळेत सातवीला भूगोल शिकवत होतं!