अण्णांचं धोतर आणि माझा किल्ट

हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. अर्धं मात्र पुष्कळदा सांगितलंय, तेही हसत हसत. इथे सौदीत मी एकदा किल्ट घातला होता — स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो चौकड्यांचा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा घेर — आणि तो घालून चारचौघांत नाचलो होतो, हे माझ्या ओळखीच्या बहुतेकांना ठाऊक आहे. मी ती गोष्ट रंगवून सांगतो. लोक हसतात. उरलेली अर्धी मी गिळतो. आज ती सांगायची आहे — जमेल तशी.

आधी घरचं सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील — त्यांना आम्ही अण्णा म्हणतो — कासार. सायकलच्या मागे बांगड्यांची पेटी बांधून आसपासची गावं फिरायचे, कुणाच्याही ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि बायकांच्या हातांत बांगड्या भरायचे. भरताना बांगडी फुटली तर ती त्यांच्या खात्यात. तेवढ्या धंद्यावर त्यांनी मला इंजिनिअर केलं. मी तालुक्याच्या शाळेत शिकलो ते त्यांच्यामुळे, हॉस्टेलला राहिलो ते त्यांच्यामुळे, विमानात बसलो तेही त्यांच्यामुळेच. हे मी कधीच विसरलो नाही. पण उपकार न विसरणारा माणूस वाईट वागत नाही, असं कुठे असतं?

अण्णांनी जन्मभर धोतर नेसलं. दुसरं काही अंगाला लावलंच नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना इकडे बोलावून घेतलं, व्हिजिट व्हिसावर. सौदीतल्या हुफूफ शहराच्या बाहेर आमच्या कंपनीची वसाहत आहे. इथे तिला कंपाउंड म्हणतात. उंच भिंत, आत घरं, पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, आणि राहणारे दहा देशांचे. अण्णांना आणायला मी दम्मामच्या विमानतळावर गेलो, तेव्हा गाडी दिल्लीकडच्या एका सहकाऱ्याची होती. अण्णा बाहेर आले. प्रवासासाठी खास नीळ घालून धुतलेलं पांढरंशुभ्र धोतर, सोगा एका हातात धरलेला, दुसऱ्या हातात नातीसाठी बांगड्यांचा डबा. सहकारी माझ्या कानाशी म्हणाला, "अरे वाह, ये तो पूरा गाँव साथ ले आए!"

मी हसलो. त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो.

तो माणूस वाईट नव्हता. गाडीत त्याने अण्णांच्या पाठीशी उशी नीट लावली, त्यांना पाणी दिलं. वाईट जे होतं ते माझ्यात होतं. उद्या हे कंपाउंडमध्ये असेच फिरणार, साहेबांच्या बायका बघणार, माझ्या मुलीच्या शाळेची बस थांबते तिथे हे उभे राहणार — एवढंच मनात. आणि मग, हुफूफ यायच्या आधीच, मी ते बोललो.

"अण्णा, इथे धोतर चालत नाही. कायदा आहे. पोलीस धरतात."

एवढंच बोलून थांबलो असतो तरी पुरलं असतं. पण खोटं पक्कं व्हावं म्हणून मी आणखी जोडलं — मलाही त्रास होईल, माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करतील. मला ठाऊक होतं की स्वतःसाठी अण्णा पोलिसाला भ्यायचे नाहीत. माझ्यासाठी भितील. म्हणूनच तर ते जोडलं ना?

अण्णा लगेच म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? इमानात तरी बदललं असतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन पॅंट आणल्या, इलास्टिकच्या. त्या घालून त्यांना मांडी घालता येईना. चालताना एक हात कायम कमरेवर, जणू ती केव्हाही सुटेल. घरात मात्र ते धोतर नेसत, आणि दारावरची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जात. आपलं घर, आपला मुलगा, आणि हा माणूस लपतोय. धुतलेलं धोतर ते बाल्कनीत वाळत घालत नसत. न्हाणीघरात दोरी बांधून घेतली होती त्यांनी. तिथे ऊन नाही, म्हणून ते दमट राहायचं, त्याला वास यायचा. मी रोज सकाळी त्या दोरीखालून वाकून आंघोळीला जायचो. रोज.

माझी बायको सुजाता एकदाच म्हणाली, "अहो, असा काही कायदा नाहीये. हे बरं नाही." मी म्हटलं, "त्यांच्या भल्यासाठीच आहे." ती पुढे बोलली नाही. लग्नाला पुरेशी वर्षं झाली की बाई कुठे थांबायचं ते ओळखते — आणि पुरुष त्याचा फायदा घेतो.

एका शुक्रवारी आम्ही खजुराच्या बागांकडे फिरायला गेलो होतो. पाटाच्या कडेला एक बांगलादेशी कामगार लुंगी वर बांधून फांद्या गोळा करत होता. अण्णा काचेतून बघत राहिले.

"आरं, ह्याला कसं न्हाई धरत?"

"तो बागेत आहे, अण्णा. बागेत चालतं. रस्त्यावर नाही."

"आसं व्हय," ते म्हणाले, आणि पॅंट वर ओढून घेतली. माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, यू कॅन बाय अ फार्म देन!" अण्णांना इंग्रजी कळलं नाही, पण नात हसली म्हणून तेही हसले.

आता किल्ट.

माझे वरिष्ठ ॲलन, स्कॉटलंडचे, निवृत्त होऊन परत चालले होते. मला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं. निरोपाच्या संध्याकाळी क्लबमध्ये सगळ्यांनी आपापल्या देशाचा पोशाख घालून यायचं ठरलं. ॲलनची हौस अशी की त्यांच्याबरोबर आमच्या टीममधल्या तिघांनी किल्ट घालून नाचायचं. त्यांनी मला निवडलं. खरं सांगू? मला इतका आनंद पगारवाढीच्या वेळीही झाला नव्हता.

त्या दिवशी तो घेर कमरेला गुंडाळला, कातडी पट्टे आवळले, पुढे किल्टबरोबरची छोटी पिशवी लटकवली, लांब मोजे चढवले. जड होता तो. मागे चुण्याच चुण्या. पायांना वारा लागत होता आणि मी पुनःपुन्हा खाली बघत होतो. मुलगी ओरडली, "बाबा, यू आर वेअरिंग अ स्कर्ट!" तिचा आवाज ऐकून अण्णा आतून आले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील — मग माझ्या धोतरानं काय घोडं मारलं होतं? उत्तरही मी तयार ठेवलं होतं. पण त्यांनी ते विचारलंच नाही. जवळ आले, हळूच विचारलं, "सायबानं सांगितलं?"

"हो."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आसूं दे. पोटासाठी करावं लागतं मानसाला. वाईट वाटून घिऊ नगं."

त्यांना वाटलं, मला हे घालायला लावलंय. नोकरी टिकावी म्हणून त्यांचा शिकलेला मुलगा लोकांपुढे उघड्या पायांनी उभा राहणार आहे, असं वाटून त्यांचा जीव तुटत होता. आणि मी — मी मान खाली घातली. जणू खरंच वाईट वाटतंय. तेवढं नाटकही मी केलं.

त्यांना घरी ठेवून आम्ही गेलो. रस्ता दोन मिनिटांचा. गार वाऱ्यात गुडघे उघडे, लोकांच्या नजरा पायांवर, चालताना पाऊल कसं टाकावं तेच सुचेना. बसायची वेळ आली तेव्हा ॲलननी दाखवलं, आधी मागच्या चुण्या हाताने सारख्या करायच्या, मग बसायचं. मी तसं केलं आणि त्या क्षणी मला लाज वाटेनाशी झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. सुदानी सहकारी पांढऱ्या झग्यात आणि फेट्यात. आमचा केरळचा बिजू पांढऱ्या मुंडूत — आता मुंडू म्हणजे काय हो? धोतराचा सख्खा भाऊच की! ॲलनच्या बायकोने त्याच्या मुंडूच्या सोनेरी काठाला हात लावून पाहिला, फोटो काढून घेतला.

मग ॲलन माझ्याकडे वळून म्हणाले, तुझे वडील आलेत ना तुझ्याकडे? त्यांना नाही आणलंस? त्यांच्याकडे तर अगदी अस्सल काही असेल नेसायला.

मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नाही.

आणि नाचलो. चांगला नाचलो.

अण्णा ठरल्याप्रमाणे परत गेले. विमानतळावरसुद्धा पॅंटमध्येच. मला वाटलं, संपलं. कुणाचं काय बिघडलं? एका म्हाताऱ्या माणसाने काही आठवडे पॅंट घातली, इतकंच. असं मी स्वतःला समजावत होतो. म्हणूनच ती गोष्ट लोकांना सांगत सुटलो असेन, हसऱ्या अर्ध्यापुरती.

पण खोटं तिकडे गावात अण्णांच्या तोंडी राहायला गेलं होतं. ते सगळ्यांना सांगायचे, तिथला कायदा लई कडक, धोतर दिसलं की धरत्यात. अभिमानाने सांगायचे. बाजारपेठेत रशीदभाईंचं सायकलचं दुकान आहे. अण्णांची सायकल तिथेच दुरुस्त व्हायची आणि संध्याकाळचा चहा दोघांचा तिथेच. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. रशीदभाई हजला जाऊन आले. आल्यावर चहा पिणाऱ्या सगळ्यांपुढे म्हणाले, "कासारा, तिथं तर बिनशिवल्या कापडातच सगळी दुनिया हिंडते. कमरेला येक, खांद्यावर येक. कोण धरतंय?" अण्णा म्हणाले, माझा पोरगा राहतो तिथं, त्याला जास्त ठावं. तेव्हा रशीदभाई चेष्टेत बोलून गेले — चेष्टेतच, ते तसेच बोलतात — "आरं, पोराला तुझी लाज वाटली आसंल."

अण्णा चहा तसाच ठेवून उठले.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू सांग. तू म्हनशील ते खरं. मी जाऊन त्याला सांगतो."

बघा, किती सोपं होतं. वाट त्यांनीच करून दिली होती. रशीदभाई बरोबर आहेत, अण्णा, चूक माझी आहे — एवढं एक वाक्य. मी ऑफिसात एकटा होतो. कुणी ऐकणारंही नव्हतं. फोनवर ते दोनदा "हॅलो" म्हणाले.

आणि मी म्हटलं, "अण्णा, ते हजपुरतं चालतं. एरवी नाही."

पलीकडे त्यांनी सुस्कारा टाकला. "हेच म्या त्याला म्हनत हुतो."

त्यानंतर ते त्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. रशीदभाईंनी दोनदा माणूस पाठवला, एकदा ईदचा शिरखुर्मा पाठवला. अण्णांनी डबा तसाच परत केला. म्हणाले, माझ्या पोराला खोटारडं म्हणतो, त्याचं कसं खायचं?

मागच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा बाजारात रशीदभाई समोरच आले. म्हणाले, "अण्णा बरे हायेत न्हवं?" मी म्हटलं, बरे आहेत. ते थोडा वेळ उभे राहिले. मला वाटतं, मी काही बोलेन म्हणून उभे होते. मी घड्याळाकडे पाहिलं आणि निघालो.

घरी आलो तर अण्णा ओसरीवर एकटेच चहा पीत बसले होते. मला पाहून सरकले, शेजारी जागा केली. मी बसलो. त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे केला, आणि मी तो प्यालो.