कॅरॅव्हॅनच्या खिडकीतलं धुकं

लेक समोर बसलेली दिसत होती, पण तिचं तोंड दिसत नव्हतं. धुकं धरलेल्या खिडकीपलीकडं नुसता आकार. हात ताटाकडं जातोय, वर येतोय, एवढंच.

२०२० च्या हिवाळ्यातली गोष्ट. आयर्लंडात कासलबार नावाचं गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलात आमची वैशू डॉक्टर. आम्ही दोघं तिच्याकडं थोड्या दिवसांसाठी गेलो आणि करोनात अडकलो. तिची ड्युटी करोनाच्या वॉर्डात. आपल्यामुळं म्हाताऱ्यांना काही होऊ नये म्हणून ती अंगणात कॅरॅव्हॅनमध्ये राहायला गेली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागं जोडून न्यायची. शेजारच्या टॉमची होती, त्यानं वापरायला दिली.

कॅरॅव्हॅनची मोठी खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होती. वैशू कामावरून आली की ती तिकडं ताट घ्यायची, आम्ही इकडं. फोन स्पीकरवर ठेवायचा. वैशू म्हणायची, सगळं ठीक आहे, जेवा तुम्ही. आवाज ठीक असायचा. पण आमच्या हिला आवाजावर भरवसा नाही. ती म्हणायची, पोरगी बरी आहे का ते तोंड बघितल्याशिवाय कळत नाही. व्हिडिओ लाव म्हटलं तर वैशू म्हणायची, नेट नीट चालत नाही. ही दोन घास खायची आणि ताट सारायची.

मी शाळेत चौथीच्या पुढं गेलो नाही. पण कोल्हापूरला बसबॉडीच्या वर्कशॉपात माझी हयात खिडक्या बसवण्यात गेली. खिडकीनं मला हरवावं हे मला पटणारं नव्हतं.

वैशूला फोनवर सांगितलं, आतून पूस. तिनं पुसली. मी बाहेरून पुसली. फरक नाही. म्हणजे पाणी मधे होतं. ही खिडकी दुहेरी असते. दोन तावदानं कडेनं चिकटवलेली, मधे पोकळी, थंडी आत येऊ नये म्हणून. त्या पोकळीत ओल शिरली की बाहेर पडायला वाट नाही. बसच्या खिडकीत पाणी आलं तर आम्ही रबर बदलायचो, झालं काम. इथं बदलायला रबरच नाही.

टॉमला विचारलं. तो कुंपणापलीकडून म्हणाला, इट्स ग्रँड, उन्हाळ्यात आपोआप सुकेल. त्या लोकांचं ग्रँड म्हणजे आपलं 'चालतंय की'. मी म्हटलं, मला नाही चालत. आणि कडेचं चिकटवलेलं सोडवायला गॅरेजातला थिनरचा डबा घेऊन निघालो.

टॉम एवढा मोठ्यानं ओरडला की ही बाहेर आली. त्याचं म्हणणं, ही काच नाही, ॲक्रिलिक आहे, म्हणजे प्लास्टिक. थिनर लागलं की संपलं. मला खरं वाटेना. मग त्यानं जुन्या खिडकीचा एक तुकडा कुंपणावरून फेकला. मी त्यावर थिनर फिरवलं. बघता बघता कोळ्याच्या जाळ्यागत बारीक चिरा पडल्या. डबा जागेवर ठेवला.

त्यानंच मग खिडकीच्या कोपऱ्यातली बुचं दाखवली. चण्याएवढी, प्लास्टिकची. एक खालच्या कोपऱ्यात, एक वरच्या, आणि नशिबानं बाहेरच्या अंगाला. आत जायची गरज नव्हती. टॉम म्हणाला, ती काढून कोरडी हवा फिरव. मी विचारलं, तुमच्या देशात कोरडी हवा मिळते कुठं? तो हसला आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप घेऊन आला.

हवा कोरडी कशी करायची? बुटाच्या खोक्यात एक पुडी असते, ओल शोषणाऱ्या दाण्यांची. तसलेच दाणे तिकडं पिशवीभर मिळतात, मांजराच्या शी-शूसाठी. टॉमकडं नवी कोरी पिशवी होती. मी हिची लोणच्याची बरणी रिकामी करून त्यात ते भरले. ही म्हणाली, "अहो, ती बरणी आता मला नको. मांजरालाच द्या."

पंपाची हवा बरणीतून गेली, नळीनं खालच्या भोकातून खिडकीत शिरली, वरच्या भोकातून ओल घेऊन बाहेर पडली. वैशू ड्युटीवर होती. तिला सांगितलं नव्हतं, म्हटलं येईल तेव्हा बघेल. पंप दिवसभर गुरगुरत होता. आधी भोकाशी बोटभर स्वच्छ झालं, मग ते पसरत गेलं. दिवेलागणीला आतला ओटा, गादी, टांगलेला टॉवेल, सगळं दिसायला लागलं. बुचं दाबून बसवली. काम चोख झालं होतं. हे मी आजही म्हणतो.

वैशू आली. दिवा लावला, ताट घेऊन खिडकीशी बसली. खाली बघून जेवायला लागली.

आणि आम्हाला तोंड दिसलं. नाकावर मास्कचा काळा वण, गाल आत गेलेले. पोरगी रडत होती. हुंदका नाही, काही नाही. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि ती जेवत होती. फोनवर तेवढ्यात म्हणाली, "आज भाजी छान झालीय, आई."

हिनं काचेला हात लावला. वैशूनं वर बघितलं. आम्ही बघतोय हे तिला दिसलं. तिनं पडदा खाली ओढला.

फोनमधून आवाज आला. "आण्णा, खिडकीला काय केलं?"

"साफ केली."

"मला विचारायचं तरी. दिवसभर लोकांसमोर तोंड सरळ ठेवते मी. इथं तुमच्यासमोर बसून रडता येत होतं. तुम्ही समोर आहात एवढं पुरत होतं मला."

ही म्हणाली, "जेव बाळा. आम्ही बघत नाही."

पुढं पडदा उघडलाच नाही. ही बंद पडद्यासमोर ताट घेऊन बसायची. आधी निदान आकार तरी होता, आता तोही गेला.

मी टॉमला विचारलं, पाणी परत आत घालता येईल का. त्याला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय. मी पुन्हा विचारलं. त्यानं कॅरॅव्हॅनच्या बंद पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, बुचं काढून ठेव, बाकीचं आमची हवा बघून घेईल.

वैशू ड्युटीवर गेल्यावर मी दोन्ही बुचं काढली आणि खिशात टाकली. पाऊस तिकडं सांगून येत नाही आणि सांगून जात नाही. थोड्या दिवसांत खिडकी कोपऱ्यातून पांढरी व्हायला लागली. पुरती पांढरी झाली त्या संध्याकाळी पडदा वर गेला. आकार दिसला. हात ताटाकडं गेला, वर आला. आमची ही त्या दिवशी सगळं ताट जेवली.

कोपऱ्यात बुचं नाहीत हे वैशूला दिसलं असणार. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी आम्हाला लस मिळाली आणि ती घरात आली. कॅरॅव्हॅन टॉमकडं परत गेली, तेव्हा मी खिडकी पुन्हा सुकवून दिली. बुचं माझ्याकडंच होती.

तर दुहेरी खिडकीत ओल धरली तर थिनर लावू नका. बुचं काढा, कोरडी हवा फिरवा, दिवसात निघते. पण आत कुणी बसलं असेल तर आधी त्याला विचारा.