उतरवून न घेतलेलं नाव

हिमानीचा जीव कधी जागेवर नसतो. नागपुरात नंदनवनातल्या घरातून निघाली, की कुलूप ओढून पाहायला दोनदा परत येते. एका कामात तेवढं तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच तिला भोवणार होतं.

धंतोलीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबचं प्रोग्रामिंगचं काम तिच्याकडे होतं. यंत्राकडून माहिती घेणारा जुना प्रोग्राम सी भाषेतला, रिपोर्ट छापणारा हिमानीचा, पायथनमधला. तो जुना प्रोग्राम पेशंटचं नाव हातात देत नाही; नाव कुठे ठेवलंय, ती जागा तेवढी दाखवतो. जागाही एकच. पुढचा पेशंट आला, की आधीचं नाव पुसून तिथे त्याचं बसतं. म्हणून नाव लगेच उतरवून घ्यायचं असतं. हिमानीने नुसती जागा लक्षात ठेवली. तपासताना एकेकच नाव घालून पाहिलं, ते दर वेळी बरोबर निघालं. त्याच तोऱ्यात तिने लॅबमधल्या सिंधूताईंना सांगून टाकलं, "ताई, ती नळ्यांचे नंबर न् नावं हाताने लिहायची नोंदवही बंद करा आता."

प्रोग्राम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी, चहा घेता घेता तिने उगाच दोन नावं लागोपाठ घातली. दोन्ही रिपोर्टांवर मागाहून घातलेलंच नाव आलं. सकाळी पहिल्यांदा ऑपरेशनच्या दोन बायका येणार, असं सिंधूताई कालच म्हणाल्या होत्या. त्यांचे रक्तगट आताच छापून निघाले असणार! लॅबचा फोन लागेना. चहा टाकून तिने स्कूटी काढली. कुलूप लावलं की नाही, हेही तिला आठवेना.

"ताई, रिपोर्ट देऊन टाकले?" तिने दारातूनच विचारलं.

"काहून वं एवढी घाबरली? बस आधी." सिंधूताईंनी वहीखालून दोन कागद काढले. दोन्हींवर नाव गोपिकाबाईंचं. एकावर रक्तगट ए, दुसऱ्यावर ओ. "एका बाईले दोन रक्तगट कसे राहतीन? नळीचे नंबर वहीत पाहिले. ओवाला सत्यवतीबाईचा आहे. दोघी बाहेर बसून राहिल्या, कागद कोणालेच दिला नाही."

हिमानी मटकन बाकावर बसली. तिला रडूच आलं. मग लॅपटॉप उघडून तिने नाव लगेच उतरवून घेणारी ती एक राहिलेली ओळ घातली आणि लागोपाठ दहा नावं तपासली. पुन्हा दहा.

"झालं? मग वही बंद करू ना आता?" सिंधूताईंनी विचारलं.

हिमानीने वही त्यांच्यापुढे सरकवली.

"नका करू, ताई. मले माझाच भरोसा नाही."