आचलच्या दातांची रोवणी

बसा, चहा उकळतोय तोवर माझी एक फजिती ऐका. हसू येईल, बिनधास्त हसा. आमच्या करडी गावात लोक अजून हसतात.

माझी पोरगी आचल तेव्हा नववीत होती. वरचे दात पुढे आलेले, त्यातले दोन-तीन एकमेकांवर चढलेले. लहानपणी असं हसायची की चार घरं ऐकू जायचं. मग मेव्हण्याच्या लग्नात फोटो काढताना मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तोंड मिटून उभी राय व माय!" बोललो आणि विसरलो. पोरगी विसरली नाही. तेव्हापासून हसू आलं की ओढणी तोंडावर. पुढं पुढं हसणंच कमी झालं. आणि मला काय वाटलं? पोरगी मोठी झाली, शहाणी झाली!

शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी चिठ्ठी दिली, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. अहो, तो शब्द वाचतानाच माझ्या जबड्याला कळ लागली! चिठ्ठी घेऊन मोहाडीच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

तो म्हणाला, "हे माझं काम नाही. वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर वेगळे असतात. भंडाऱ्याला जा. जागा करायला दात काढावे लागतील, मग रांगेत बसवतील."

बस्स! एवढ्यावर मी उठलो. किती काढतील, कसे बसवतील, विचारायला नको होतं का? पण मी कशाला विचारतो! गावात कोणाचं काही अडलं की उत्तर माझ्याकडे तयार असतं. न विचारताही देतो.

घरी पोचताच आचलच्या आईनं विचारलं, "काय करते म्हणे तो डाक्टर?"

"सोपं आहे. आपण धानाचं काय करतो? पऱ्हे, कोवळी रोपं ती, दाटीनं उगवतात. ते उपटतो अन् शेताच्या बांधीत अंतर ठेवून रोवतो. तसंच आहे हे. सारे दात उपटाचे, अन् रांगेत पुन्हा रोवाचे."

"सारे?" तिच्या हातातली पोळी तव्यावर पडायची राहिली.

"सारे! दोन पऱ्हे उपटून रांग सरळ होते काय?"

आचल दारातच उभी होती. मी तिला म्हटलं, "भिऊ नको, बाई. पऱ्हे चार दिवस माना टाकतात, मंग कसे ताठ उभे रायतात!"

ती रडली नाही, काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "ठीक आहे, बाबा."

केवढी हिमतीची पोरगी! माझीच छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे देवाजीभाऊ कुंपणावरून ओरडले, "काय गा, आचलची रोवणी कधी आहे?"

झालं! गावभर बातमी. बाया पोरीला बघायला यायला लागल्या, जणू परदेशी निघालीय. तिच्या आईनं तर धसकाच घेतला. पुन्हा चावायला मिळतं की नाही म्हणून भाजलेले शेंगदाणे, मक्याची कणसं, मुरमुऱ्याचे लाडू असं सगळं कडक-कडक पोरीपुढे आणून ठेवायची. पोरगी मुकाट्यानं खायची.

देवाजीभाऊंनी माझ्याही मनात किडा सोडला. "अन् जीव नाही धरला तं? उपटलेल्या पऱ्ह्याच्या मुळ्या सुकल्या का गेला कामातून."

खरंच की! डॉक्टर शिकलेला असेल, पण त्यानं कधी रोवणी केलीय का? म्हणून भंडाऱ्याला निघताना मी एक स्टीलचा डबा घासून-पुसून घेतला. आत ओलं फडकं घातलं, वर थोडं पाणी शिंपडलं.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आचलचे दात पाहिले, फोटो काढला, मापं घेतली. मग माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"काका, जेवण आणलंय का?"

"नाही मॅडम. दात ठेवाले आहे. तुमचं रोवून होईपर्यंत मुळ्या ओल्या पाहिजे न!"

मग मी त्यांना सगळी रोवणी समजावून सांगितली. अहो, त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या! मदतनीस बाई हसली, दाराबाहेर बसलेल्या पोरांच्या आया हसल्या.

डोळे पुसत बाई म्हणाल्या, "काका, दोनच दात काढायचे. बाकीच्यांना बारीक तार लावायची आणि दर महिन्याला थोडी ताणायची. दात हाडातल्या हाडात हळूहळू सरकतो. दोन वर्षं लागतील. उपटून काही रोवायचं नाही!"

मग मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. फजिती झाली की आपणच आधी हसून घ्यावं, बरं पडतं. आचलकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

बसस्टँडवर ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, तुमाले तं वाटत होतं, माहे सारेच दात उपटतात."

"हो न व! कसा येडा मी!"

"तरी बी मले घेऊन आले तुमी?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एवढी खराब दिसते का मी?"

आणि मी काय उत्तर दिलं माहीत आहे? म्हणालो, "चाल, बस लागली."

दोन वर्षं आम्ही दर महिन्याला भंडाऱ्याला गेलो. ती खिडकीशी, मी शेजारी. प्रत्येक वेळी मी मनात वाक्य जुळवायचो आणि प्रत्येक वेळी आमचं गाव यायचं. मला फार लाज वाटायची. बापाला पोरीशी एक वाक्य बोलता येऊ नये?

शेवटी तारा निघाल्या. बाईंनी तिच्या हातात आरसा दिला. दात एकदम सरळ! ती कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेर आलो तर बाकांवर तशीच गर्दी. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. धीर केला आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

"आचल, तू तं पहिलेपासूनच लय चांगली दिसत होती, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग आणलं काहून, बाबा?"

सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. ती एकटी उत्तराची वाट पाहत उभी होती.