तात्यांचा कान

कबड्डीचा सामना ऐन रंगात आलेला असताना डोळे मिटून उभा राहणारा पंच मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे तात्या. बाहेरून आलेल्या संघांना वाटायचं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग त्यांची एखादी हुशार पोरगी चढाई करताना "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता मधेच चोरून श्वास घ्यायची आणि तात्यांची शिट्टी कडाडायची. "दम तुटला. बाद." एका श्वासात जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं, एवढाच तर या खेळाचा जीव. पोरगी हातवारे करून भांडायची, तिचे कोच मैदानात धावायचे, तात्या डोळे उघडून शांतपणे म्हणायचे, "गुण डोळ्याला दिसतो, दम कानालाच कळतो. माझा कान सांगतो, बाद." त्यांनी दिलेला निर्णय कधी फिरला नाही. फिरवायची कुणाची छाती नव्हती.

लालबागला आमच्या चाळीसमोर मंडळाचं मातीचं मैदान आहे. तात्यांनी गिरणीतून सुटल्यावर बाकीचं सगळं आयुष्य त्या मैदानात घातलं. मुलींचा संघ त्यांनीच उभा केला, तोही अशा काळात जेव्हा आमच्या आयांना मुलींच्या ढोपरांची काळजी त्यांच्या लग्नाइतकीच वाटायची. सरावाची त्यांची तऱ्हा जगावेगळी. मैदान आखायच्या आधी आम्हाला चाळीच्या जिन्यावर पिटाळायचे. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत, मोठ्यानं "कबड्डी कबड्डी" असा दम घालत, एका श्वासात. दुसऱ्या मजल्यावरच्या परब काकूंची कायमची तक्रार होती की या कार्ट्यांमुळे कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. वर तात्या कठड्याला टेकून उभे असत. कुणाचा आवाज पडला की वरूनच ओरडत, "दम खंय गेलो गो? वाटेत ठेवून इलंस?" रागावले की ते मालवणीत शिरत आणि लाड करायचे असले तरीही मालवणीतच, त्यामुळे आम्हाला नेमकं काय चाललंय ते चेहरा बघून ठरवावं लागे.

त्यांचा कान मैदानाबाहेरही सुट्टी घेत नसे. जिन्यावरच्या श्वासावरून कोण येतंय ते ओळखून, दार वाजायच्या आत काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगत, "चहा वाढव, तुझा भाऊ आला." मला एकदा फोनवर नुसतं "हॅलो" म्हटल्यावर म्हणाले, "रडून आलीस ना? ये वर." मी खरंच रडून आले होते. पुढे माझं खेळणं गुडघ्यानं संपवलं, तेव्हा त्यांनीच मला पंचपरीक्षेला बसवलं. म्हणाले, "पाय गेला तर गेला, कान आहे ना."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तात्या सापडले आणि पार मुळापासून हादरले. किती दिवस तर ते इस्पितळातून परत येतील असं बोलायलाही आम्ही घाबरत होतो. आले, पण निम्मे होऊन. फुप्फुसांत चट्टे राहिलेत, ते जाणार नाहीत, डॉक्टरांनी सांगितलं. मंडळाच्या मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर उचलून नेलं. नाकात नळी, अंगावर शाल, आणि तशातही खुर्ची उचलणाऱ्यांना सूचना चालूच. "तोंडानं... नको. नाकानं घे." त्या दिवशीही मला हसू आलं.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, बोटाला लावायचं यंत्र आलं, आणि फुंकून, नव्हे, श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते प्लास्टिकचं खेळणं आलं. तात्यांनी ते सामन्यासारखं मनावर घेतलं. पहिला चेंडू हलायचा, दुसरा नुसता थरथरायचा. एकदा काकी म्हणाल्या, "बघू तरी," आणि एका दमात तिन्ही चेंडू टोकाला नेऊन भिडवले. तात्या दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तसंही बोलणं आता जपून वापरावं लागत होतं. क्रियापद त्यांनी सोडूनच दिलं. "चहा." "खिडकी." खाली सराव करणाऱ्या संपदाबद्दल, "संपदा... डावा पाय." काकी मला हळूच म्हणायच्या, "जन्मभर मला बोलू दिलं नाही. आता माझा नंबर लागलाय, तर बोलावंसंच वाटत नाही बघ."

संध्याकाळी ते गॅलरीत बसून खालचा सराव बघत. पण नुसतं बघून त्यांचं काय होणार? "मुका पिक्चर," ते वैतागून म्हणाले. मग मी एक युक्ती काढली. माझ्या फोनवरून त्यांना फोन लावायचा आणि तो स्पीकरवर टाकून, खिशात ठेवून मैदानात उभं राहायचं, म्हणजे मुलींचा दम त्यांना वर ऐकू जाईल. पहिल्या दिवशी तात्या खूश. दुसऱ्या दिवशी आमची संपदा, संघातली सगळ्यात चलाख आणि सगळ्यात तोंडाळ, चढाई करून आली आणि माझ्या खिशाकडे बघून म्हणाली, "ताई, तुझ्या खिशात कोण घोरतंय गं?" आम्ही सगळ्याच थबकलो. खिशातून खरखर येत होती, ओढून घेतलेल्या, मधेच अडकणाऱ्या श्वासाची. थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "मीच. चालू द्या." संपदाचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी सराव लवकर आटोपला.

त्यानंतर तात्यांनी एकच ध्यास घेतला. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सामन्याला खाली उतरायचं, आणि पाहुणा म्हणून नाही, पंच म्हणून. काकी चिडल्या. "उतराल हो, चढणार कोण?" तात्या म्हणाले, "पोरं... चढवतील." डॉक्टरांनी हळूहळू जिना करायला हरकत नाही म्हटलं होतं, तेवढंच त्यांनी कानात धरून ठेवलं. रोज थोड्या पायऱ्या उतरायचे, बसायचे, चढायचे, पुन्हा बसायचे. परब काकूंनी आपल्या दारातली खुर्ची उचलून जिन्याच्या वळणावर आणून ठेवली आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला टेकू दिलं नाही. आम्हाला कळत होतं की तात्यांना चालायला शिकायचं नाहीये. या आजारानं आपल्याकडून सगळं नेलं असलं तरी कान नेला नाही, एवढं त्यांना चारचौघांत सिद्ध करायचं होतं.

सामन्याच्या संध्याकाळी ते पांढऱ्या शर्टपँटमध्ये खाली आले. नळी काढून काकींच्या हातात दिली. काकी छोटा सिलिंडर घेऊन रेषेपासून हातभर अंतरावर बसल्या. एका बाजूच्या रेषेवर तात्या, समोरच्या रेषेवर मी. सरपंच, म्हणजे शेवटचा शब्द असलेले मुख्य पंच म्हणून परळच्या मंडळाचे एक जुने गृहस्थ टेबलाशी होते. पहिल्या काही चढाया नीट पार पडल्या. तात्यांनी डोळे मिटलेले पाहून म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मलाही वाटलं, जमलं यांना.

मग संपदा चढाईला गेली. आत खोलवर, पार मागच्या रेषेपर्यंत. पंचाला रेषेबाहेरून तिच्यासोबत वाकून धावावं लागतं. तात्या धावले. ती एकीला शिवून वळली, तेही वळले, आणि त्यांची शिट्टी वाजली, फुसकी, पण वाजली. "दम... तुटला. बाद."

संपदा जागच्या जागी उभी राहिली. "नाही तुटला, तात्या," ती म्हणाली. भांडखोर पोरगी, पण तेव्हा तिच्या आवाजात भांडण नव्हतं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा दम शेवटपर्यंत ऐकला होता, सलग, खणखणीत. समोर तात्या गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. मला वाटलं, राहू दे, एक गुण गेला तर काय बिघडलं? पण हा असला विचार तात्यांनी माझ्या जागी कधी केला नसता. मी हात वर केला. म्हटलं, "दम होता."

तात्यांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले, एखाद्या खेळाडूचं ऐकावं तसं. डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. "तिचा नाही," ते म्हणाले. "माझा... तुटला. मला तो... तिचा वाटला." शिट्टीची दोरी गळ्यातून काढून सरपंचांच्या टेबलावर ठेवली. "गुण द्या तिला." आणि बाद झालेल्या मुली जिथे ओळीनं बसल्या होत्या तिथे, त्यांच्या शेवटी, जाऊन बसले. काकींनी त्यांच्या नाकात नळी लावली. शेजारच्या पोरीनं सरकून त्यांना जागा करून दिली. पुढचा सामना ते डोळे उघडे ठेवून बघत होते.

मुलांनी त्यांना खुर्चीतून वर नेलं. मी मागोमाग गेले. रागावतील, निदान गप्प तरी बसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातानं मला जवळ बोलावलं. "हात... वर केलास," ते म्हणाले. "बरा केलंस गो बाय. नसता केला तर... माझी सगळी मेहनत... फुकट." मला रडू आवरलं नाही. ते माझ्याकडे बघून काकींना म्हणाले, "चहा."

पुढची थंडी तात्यांना झेपली नाही. गेले तेव्हा संघातल्या सगळ्या मुली जिन्यावर बसून होत्या.

मी अजून पंच म्हणून उभी राहते. लोक म्हणतात, ही बाई निर्णय द्यायला फार वेळ लावते. लागतो वेळ. बादचा हात वर करण्याआधी मी क्षणभर माझा स्वतःचा श्वास रोखून धरते आणि मग ऐकते. समोरच्या पोरीचा दम चालू असेल, तर तो तेव्हा ऐकू येतो. बहुतेक वेळा येतोच.