जलपरीनं नेलं

सटवाजी ओल्या अंगानं दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, दादाला जलपरीनं नेलं."

आता खरं काय झालं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. सिद्धेश्वरच्या धरणात बुडालेल्या बाभळी अजून उभ्याच आहेत. त्यातल्या एकीत जाळं गुतलं, मुंजाजीनं ते सोडवायला बुडी मारली आणि वर आलाच नाही. सटवाजीनं बुड्या मारमारून अंग काट्यांनी फाडून घेतलं, पण भाऊ हाती लागला नाही. हे भावजयीच्या तोंडावर कसं सांगावं? म्हणून मागच्या साली औंढ्याच्या जत्रेत एका तंबूच्या पाटीवर वाचलेला शब्द त्याच्या तोंडून निघून गेला. बिचाऱ्याला वाटलं, तेवढाच घाव हलका होईल.

नुसतं "मावलायांनी धरलं" म्हणाला असता तर चतुराबाईनं तिथंच हंबरडा फोडला असता. भोयांच्या घरात त्या शब्दाचा अर्थ लेकरालाही कळतो. पाण्यातल्या मावलाया धरतात, बुडवतात आणि दोन-तीन दिवसांनी माणूस फुगून काठाला लागतो. जलपरी हा शब्द मात्र नवा होता. तिनं नेलेल्याचं पुढं काय होतं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. चतुराबाईनं तेवढंच धरून ठेवलं.

ती शाळेत गेली. किशनराव गुरुजींना तिनं विचारलं, "जलपरी म्हंजे काय वो?"

"कमरेवर बाई, खाली मासा. समुद्रात राहते म्हणतात."

"माणूस नेती, त्याला खाती का ठिवती?"

गुरुजी घुटमळले. "गोष्टींत तरी ठेवून घेते. पण बाई, त्या गोष्टी असतात..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. धरणातलं पूर्णेचं पाणी गोदावरीला मिळतं आणि गोदावरी समुद्राला, एवढं तिला कळत होतं. मालक समुद्रात होता. जित्ता होता. ती रोज काठावर जाऊन भाकर ठेवायची आणि ती कुत्र्यानं नेली तरी घरी येऊन सांगायची, "पोचली."

देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायची रीत आहे. सासू सखुबाई रडून रडून सांगायची, "माय, लेकरू माझं अधांतरी लटकून राह्यलं. त्याला सुटू दे." चतुराबाई कपाळाचं कुंकू हातानं झाकायची. "जित्त्या माणसाला जाळता व्हय?" असं विचारायची. आपल्याच शब्दानं घर असं अडकून बसलेलं पाहून सटवाजीला जीव नकोसा झाला होता, तरी खरं सांगायची छाती काही होईना.

महाशिवरात्रीला औंढ्याची जत्रा भरली आणि तिथं जलपरी आल्याचं गावात कळलं. चतुराबाई कुणाला न सांगता गेली. देवळात गेलीच नाही, सरळ जलपरीच्या तंबूत शिरली. काचेच्या टाकीत एक पोरगी कमरेभर पाण्यात बसली होती. खाली चमकी लावलेली शेपटी. लोक हसत होते, पुढं सरकत होते. चतुराबाई काचेला तोंड लावून बसली.

"बाई, मुंजाजी नावाचा माणूस हाय का तुमच्यापाशी? कपाळावर खोक हाय त्यांच्या. बरे हायत का, तेवढंच सांगा. मी काई मागत न्हाई."

पोरीनं आधी तंबूच्या मालकाकडं पाहिलं. तो दाराशी ओरडून राहिला होता. मग तिनं काठावरून मान बाहेर काढली. तिचे ओठ निळे पडले होते.

"मावशी, मी जालन्याची हाय. आत पाय बांधलेत, मुंग्या आल्या. समुद्र म्या पाह्यलाच न्हाई."

चतुराबाईनं शेपटीकडं पाहिलं. चमकीखालची शिवण उसवली होती आणि तिथून टाच दिसत होती. पाण्यात राहून पांढरी पडलेली, माणसाची टाच. ती तिच्याकडं बघतच राहिली. मागच्यांनी ढकललं तेव्हा उठली.

पळस त्या दिवसांत झडलेला, नुसता फुलांनी लाल झालेला. घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर पळसाच्या पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. तो तिनं सटवाजीपुढं ठेवला आणि टाके उसवून एकेक पान सुटं करायला बसली.

"भावजी, त्या दिशी तुमच्या अंगावर काट्यांचे ओरखडे व्हते. बाभळीतच राह्यले ना ते?"

सटवाजी ढसाढसा रडायला लागला.

"उंच व्हते," ती म्हणाली. "पानं कमी पडू देऊ नका."