साहेब झोपले आहेत

खोलीचं दार वाजलं तेव्हा मी पडदे ओढत होते. उघडलं, तर बाहेर रिसॉर्टची माणसं उभी. एकाच्या हातात दोन नारळपाणी, दुसऱ्याच्या हातात शिंपल्यांच्या दोन माळा, आणि मागे खोल्या आवरणारी माझ्याच वयाची एक बाई, टोपलीत फुलांच्या पाकळ्या घेऊन.

"मॅडम, अ‍ॅनिव्हर्सरीवालों का वेलकम है. सर को बुलाइए ना."

आता खरं उत्तर काही अवघड नव्हतं. सर भिलाईत, स्टील प्लांटमध्ये, भट्टीसमोर उभे होते. दोन दिवसांनी येणार होते. एवढं सांगायचं आणि नारळपाणी घ्यायचं. पण मी दार अर्धं ओढून घेतलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "शू... सो रहे हैं."

काय सांगू, ती माणसं मांजरीच्या पावलांनी मागे सरली! नारळपाणी पायरीवर, माळा कडीला, पाकळ्या टोपलीतच. मी दार लावलं आणि वळून पाहिलं. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. बाकी कोणी नाही. मला असं हसू फुटलं की उशी तोंडात कोंबावी लागली. मग उशी बाजूला करून मी स्वतःलाच विचारलं, अगं, आता कोणाची झोप मोडणार आहे?

हे खोटं मी ठरवून बोलले नव्हते. पंचवीस वर्षांची सवय होती ती. दार वाजलं की अर्धं उघडायचं आणि सांगायचं, साहेब झोपले आहेत.

मी भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली. घरामागे यार्ड. दिवसभर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे, त्यामुळे आमच्याकडे कोणी बोलत नसे, सगळे ओरडत. वरण वाढ, हेसुद्धा ओरडून. त्या गळ्याच्या जोरावर मला गणपतीतल्या नाटकांत कामं मिळायला लागली. राणी झाले, खाष्ट जाऊ झाले, एकदा तर मिशा लावून सेनापती झाले. माईक बंद पडला की बाकीच्या रडकुंडीला यायच्या, मी मनातून नाचायची. शेवटच्या रांगेत शेंगा फोडणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला पाहिजे, तर तो आवाज! यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका नाटकात. लग्न ठरल्यावर एकच वाक्य बोलले, "तुमचा आवाज लय आवडला मले."

आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल वो माय. नाईट करून आला तो."

भट्टीवरच्या माणसाची शिफ्ट दर काही दिवसांनी फिरते. आज पहाटे निघायचं, पुढे दुपारी, मग रात्री. घरात कोणत्या ना कोणत्या शिफ्टची झोप कायम चालू. मी कुकरसमोर चमचा घेऊन उभी राहायची आणि शिट्टी वाजायच्या आत उचलून वाफ सोडायची. फोडणीवर झटकन झाकण. मिक्सर फक्त ते ड्यूटीवर असताना. दाराच्या घंटीची वायर काढून ठेवलेली, भाजीवाला आमच्या घरासमोर आला की गप्प व्हायचा आणि पुढच्या फाटकापासून परत सुरू करायचा. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता. बोट ओठांवर ठेवून तिने मलाच म्हटलं, "शू."

नाटकं आपोआप सुटली. घरात तालीम करायची तरी कुठे? आणि सांगायच्या गोष्टी साठत गेल्या. दुपारी काही गंमत झाली की मी म्हणायची, उठले की सांगू. उठले की डबा, हेल्मेट, बूट, स्कूटर. संध्याकाळपर्यंत ती गंमत शिळी व्हायची. शिळ्या गमतीचं काय करतात, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

तर लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने आम्हाला अंदमानला पाठवायचं ठरवलं. आधी विमान, मग जहाजाने आणखी एक छोटं बेट. दोघांनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता. मला वाटलं हे नाही म्हणतील. पण हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "दोघं संगच उतरू पाण्यात. तू एकटी नको उतरू बरं."

पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. चहा सोडून.

निघायच्या आदल्या दिवशी कळलं की दुरुस्तीला काढलेली भट्टी पेटवायची आहे आणि यांची सुट्टी पुढे गेली. मी बॅगेवर बसून राहिले. हे म्हणाले, "तू हो पुढे. दोन दिवसांत मी येतोच. लग्नाच्या वाढदिवसाले तिथं असतो का नाही पाहाय."

भिलाईतल्या आमच्या कोहक्याच्या गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. टॅक्सीत बॅग चढवताना शेजारच्या काकू फाटकावर हजर. "काय वो, हनिमूनले एकटीच?"

"ते मागून येऊन राहिले, काकू."

"भट्टीवाला मागूनच येते बाई. माह्यावाला तर मांडवातबी उशिरा आला होता, घामेजून!"

अशी मी बेटावर पोचले आणि पहिल्याच तासात झोपलेला नवरा पैदा केला. आता तो सांभाळायला नको? सकाळी चहाचे दोन कप येत. एक माझा म्हणून प्यायची, दुसरा यांचा म्हणून प्यायची. यांच्या बाजूची उशी मुद्दाम दाबून ठेवायची, चादर विस्कटायची, दुसरा टॉवेल ओला करून खुर्चीवर टाकायची. तेही यांच्यासारखाच, गोळा करून. वाळूवर मेणबत्त्या लावून दोघांचं जेवण मांडलं, तर मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "साहब का पैक कर दीजिए." खोली आवरणारी बाई रोज विचारायची, "आज भी सो रहे हैं?"

"बहुत थके हैं," मी म्हणायची. तेवढं मात्र खरं होतं.

ती झाडू घेऊन पायरीवरूनच परत जायची.

बेटावर सगळी जोडपी. हातात हात, गळ्यात शिंपले. मला पाहिलं की त्यांना फोटो सुचत. "आंटी, एक फोटो?" मग काय, मी दिग्दर्शकच झाले. "इतना दूर कौन खड़ा होता है? उधार मांगने आए हो क्या? पास आओ!" सगळी हसायची, फोन परत घ्यायची आणि निघून जायची. मग मी आणि माझा ओंडका. पाण्यापासून जरा वर एक वाळकं खोड पडलेलं होतं, त्यावर मी चप्पल घालूनच बसायची. लाट जवळ आली की पाय वर. समुद्र समोर, हिरवा, नंतर निळा, नंतर काळपट, आणि मी दिवसभर त्याच्याकडे पाहत कोरडी. लोकांना वाटलं असेल, बाई पाण्याला घाबरते. मला कोणाला तरी सांगायचं होतं की बघा, तो खेकडा वाळूच्या गोळ्या करून रांगोळी काढतो आहे. बाजूला पाहिलं की खोडाचा रिकामा भाग.

फोन लावला. पलीकडे प्लांटची धडधड.

"अहो, ऐकू येते का? इथं एक खेकडा आहे!"

"काय आहे?"

"खेकडा! खेकडा!" अख्खा किनारा माझ्याकडे पाहायला लागला.

"इथं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. उद्या येतो. पक्का."

दुपारच्या जहाजाच्या वेळी मी धक्क्यावर जायची. माणसं उतरायची, टोप्या, बॅगा, लेकरं. शेवटी जहाजावरचा माणूस दोर गुंडाळायला लागला की मी परत फिरायची. दोन दिवसांचे तीन झाले. वाढदिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जहाजाने आम्हाला परत निघायचं होतं. म्हणजे समुद्र काय तो आजच.

त्या दुपारी हे उतरले. सगळ्यांत शेवटी, पायात प्लांटचे जाड काळे बूट, हातात काकूंनी दिलेली चिवड्याची पिशवी. डोळे लाल. मी धक्क्यावरून धावले, सिनेमात धावतात तशी, फक्त गुडघे दुखत होते. ते हसले. "पाहाय, आलो का नाही?"

"चला, आधी पाणी!"

"चलू ना. अंघोळ करतो, पाच मिनिटं पाठ टेकतो, मग जाऊ. भट्टी पेटली तसा सरळ निघालो. झोपलोच नाही."

तिकडे सूर्य लवकर बुडतो. भिलाईत त्या वेळी मी भाजीसुद्धा चिरायला घेतली नसती, इतक्या लवकर. मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी पाठ टेकली आणि पाच मिनिटांनी ते घोरत होते. मी पडदे ओढले, पंखा कमी केला, चप्पल हातात घेतली, बाहेर पायरीवर येऊन बसले आणि दार अलगद लोटून घेतलं. सगळं आपोआप. उजेड पिवळा झाला. उठवावं का? हात दोनदा दारापर्यंत गेला. नाईट करून आला तो.

तेवढ्यात झाडांमागून गाणं ऐकू आलं. रिसॉर्टची सगळी फौज, केक घेऊन, टाळ्या वाजवत, एकाच्या हातात तर ताशा. मी उभी राहिले, बोट ओठांवर गेलं. पण ते आनंदात होते, त्यांना तीन दिवस न दिसलेले साहेब पाहायचे होते, आणि ते मला ओलांडून आत शिरलेसुद्धा.

पलंगाभोवती उभं राहून त्यांनी गाणं म्हटलं. टाळ्या वाजवल्या. ताशा वाजला. एकाने कागदाच्या रंगीत तुकड्यांची नळी फट्कन फोडली, ती यांच्या नाकासमोर. हे कुशीवर वळले. एवढंच. कपाळावर एक गुलाबी तुकडा चिकटलेला, आणि घोरणं त्याच तालात.

गाणं मधेच विरलं. केक टेबलावर ठेवून सगळे हळूहळू बाहेर गेले. खोली आवरणारी बाई मागे राहिली. ती यांच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

"आपके साहब तो सच में सोते हैं," ती म्हणाली.

आणि निघून गेली.

मी पलंगाजवळ उभी राहिले. साध्या आवाजात म्हटलं, "अहो." मग मोठ्याने, "अहो!" मग दोन्ही पाय रोवले, छाती भरून घेतली आणि सेनापतीचं भाषण म्हटलं. सगळं. मिशांसकट! खिडकीबाहेरचे कावळे उडाले. शेवटचं वाक्य आलं, त्यावर नेहमी टाळी पडायची. मी टाळीसाठी थांबले.

घोरणं.

भट्टीच्या धडधडीत ज्याचं आयुष्य गेलं, त्याची झोप कुकरच्या शिट्टीने मोडणार होती? पंचवीस वर्षं मी चमचा घेऊन उभी होते. कोणी एकदा वाजवून का पाहिलं नाही? मी तरी का नाही?

सूर्य टेकत आला होता. मी एकटीच गेले. चप्पल ओंडक्याजवळ काढली आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं. मला वाटलं होतं गार असेल. यांना सांगायला हवं, असं मनात आलं, आणि मग मी तिथेच बराच वेळ उभी राहिले.

परत आले तेव्हा अंधार पडला होता आणि हे पलंगावर बसून कपाळावरचा गुलाबी तुकडा तपासत होते.

"कावून नाही उठवलं मले?"

मला हसू यायला हवं होतं. आलंही, पण अर्धंच.

"उठवलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओल्या सलवारीकडे पाहिलं, पायांच्या वाळूकडे पाहिलं. मान खाली घातली. "कसं आहे पाणी?"

"कोमट."

"मले वाटलं गार असन."

"मलाही."

मग आम्ही केक खाल्ला, चिवड्याबरोबर. चांगला लागतो. सकाळच्या जहाजात हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले आणि दोन्ही बाजूंनी समुद्र होता.

कोहक्याला आल्यावर पहिलं काम मी घंटीची वायर जोडली. आता दुपारी मिक्सर चालतो, कुकर पोटभर शिट्ट्या मारतो. काकू फाटकावरून विचारतात, "झोपले काय वो?" आणि मी चरोद्याच्या आवाजात सांगते, "झोपले!" त्या घाबरून ओठांवर बोट ठेवतात. आत कोणी हलत नाही.

मधूनच एखाद्या दुपारी, हे आत झोपलेले आणि गल्लीत कोणी नसताना, मी बाहेर जाते आणि आमच्याच दाराची घंटी वाजवते. चांगली दाबून धरते. थोडा वेळ पायरीवर उभी राहते. मग लोटलेलं दार ढकलून आत येते.